डबीवर काय लिहिले आहे?

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीने अंथरुणांच्या चळतीमागून एक डबी काढून माझ्या हातावर ठेवली. डबी पांढरी, झाकण सोनेरी, आणि झाकणावर एका गोऱ्यापान स्त्रीचा मुखडा. बहीण नववीत आहे. आमचे गाव पाथर्डी तालुक्यातले. दसरा झाला की आमचे आईवडील कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागतात आणि घरी आजी व ती अशा दोघीच उरतात. नवरात्रातल्या एका यात्रेत, वह्यांसाठी आईने दिलेल्या पैशांतून, तिने ती डबी एका पालावरून दीडशे रुपयांना घेतली होती.

“आक्का, ह्यानं आठ दिवसांत उजळतं म्हणं. वर्गातल्या दोघीजणी लावत्यात. आजीला सांगू नको हां.”

मी डबी उलटसुलट करून पाहिली. “ह्यावर काय लिहिलंय ते वाच बरं,” मी म्हणाले. तिने डबी दिव्याजवळ नेली. एका बाजूला कुठल्याशा परक्या लिपीतल्या दोन ओळी, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ‘ब्यूटी क्रीम’ हे दोन शब्द. बस्स! कोणी केले, कुठे केले, केव्हा केले, कशाचे केले, काहीच नाही. “वाचायला काहीच नाही गं,” ती म्हणाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तीन वर्षांपूर्वी अशीच एक गोष्ट मी स्वतः लपवून ठेवली होती. ती आज प्रथमच लिहीत आहे, आणि तीही आपल्या वार्षिकात, जिथे ती माझे सारे वर्गबंधू, मैत्रिणी आणि गुरुजन वाचणार. लिहिताना संकोच वाटतो. पण माझ्या संकोचापेक्षा बहिणीचा चेहरा मला मोलाचा वाटतो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एखादी बहीण असेलच, म्हणून हा लेखनप्रपंच.

बारावीची परीक्षा झाली आणि मावशीने माझ्यासाठी एक स्थळ सुचवले. पाहुणे आले, चहापोहे झाले, आणि जाताना ओसरीवर चपला घालीत त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, “मुलगी चांगली हाये, पण...” हा ‘पण’ पुरा करण्याची गरज कोणालाच वाटली नाही. लहानपणापासून आईबरोबर फडात हिंडलेली मी. माझा रंग उन्हाने आणखी गडद झालेला. स्थळ गेले याचे मला दुःख नव्हते, मला शिकायचेच होते. पण तो अर्धा राहिलेला ‘पण’ मनात रुतून बसला. नात्यातल्या एका वहिनीने चिठ्ठीवर एका ट्यूबचे नाव लिहून दिले. मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली, पैसे दिले, ट्यूब घेतली. कोणी काही विचारले नाही, मीही विचारले नाही.

पहिले पंधरा दिवस चमत्कार झाला. चेहरा खरोखर उजळला. कॉलेजात नाव घातले तेव्हा गावाकडच्या बायका म्हणाल्या, “नगरचं पाणी मानवलं गं पोरीला.” तीन महिन्यांनी मात्र दिवस फिरले. उन्हात पाऊल टाकले की गाल पेटल्यासारखे जळत. कातडी इतकी पातळ झाली की तिच्याखाली तांबड्या शिरांची जाळी दिसू लागली. गालांवर फोड आले, हनुवटीवर लव वाढली. घाबरून ट्यूब बंद केली, तर चौथ्या दिवशी चेहरा सुजून लालबुंद झाला. पुन्हा लावली, की शांत. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाची जी गत होते, तीच माझ्या चेहऱ्याची झाली. प्रथम वर्षाचे सारे दुसरे सत्र मी तोंडाला ओढणी गुंडाळून शेवटच्या बाकावर काढले. अखेर एका प्राध्यापक बाईंच्या ते लक्षात आले. त्यांनी रागावणे सोडून मला सरळ रिक्षात घातले आणि शहरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले.

डॉक्टरांनी ट्यूब मागितली, चष्मा लावून वाचली आणि माझ्यापुढे धरली. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत औषधाचे नाव छापलेले होते, ते स्टेरॉइड होते. त्याखाली छापलेले होते की हे औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावे. म्हणजे सारे लिहिलेले होते! मी बी. ए. ची विद्यार्थिनी. तुकोबांच्या एकेका अभंगाचा शब्दन् शब्द आम्ही पंधरा पंधरा मिनिटे उलगडतो. इंग्रजीच्या तासाला एका ओळीचे चार अर्थ लावतो. आणि जी गोष्ट रोज रात्री मी तोंडाला फासत होते, तिच्यावरच्या दोन ओळी मी एकदाही वाचल्या नव्हत्या. चेहरा पूर्ववत व्हायला जवळजवळ वर्ष लागले. पण ती शरम अजून गेलेली नाही.

हे दुर्दैव माझ्या एकटीचे असते, तर मी लिहिले नसते. स्टेरॉइडचे मलम हे इसब वगैरे विकारांवर, थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे चांगले औषध आहे. ते रक्तवाहिन्या आकसवते, दाह दाबते, त्यामुळे चेहरा काही दिवस उजळ दिसतो. पण त्याच वेळी ते कातडी झिजवीत असते. २०११ साली देशातील निरनिराळ्या शहरांतील त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे शंभरात जवळजवळ पंधरा, चेहऱ्याला अशी मलमे लावीत होते. काहींनी गोरे होण्यासाठी, काहींनी मुरुमांसाठी, तर काही पुरुषांनी चक्क दाढीनंतर लावायचे क्रीम म्हणून ती वापरली होती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम कडक करून अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नियम झाला, पण चिठ्ठी न मागणारे दुकान आणि चिठ्ठी न आणणारे गिऱ्हाईक एकमेकांना भेटतच राहिले. त्यांच्यातलीच मी एक.

आता बहिणीच्या डबीविषयी. तिच्यात काय होते हे तपासायला माझ्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. पण अशाच निनावी क्रीमने काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. २०२३ च्या आरंभी वर्तमानपत्रांत अकोल्याची बातमी आली. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, एका स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेले गोरेपणाचे क्रीम लावीत होत्या. काही महिन्यांत तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांना प्रश्न पडला, की एकाच घरात तिघींना एकच विकार कसा? शोध घेता घेता ते क्रीमपर्यंत पोचले, आणि क्रीममध्ये निघाला पारा. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या १३ जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरल्याचे सांगितले. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांना आराम पडला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

चेहऱ्याला लावलेले क्रीम मूत्रपिंडात कसे जाते, असे कोणी विचारील. आपल्या कातडीला रंग देणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते तयार होण्याच्या क्रियेत पारा अडथळा आणतो, म्हणून कातडी फिकी पडते. परंतु पारा कातडीवर थांबत नाही. तो आत झिरपतो, रक्तात मिसळतो आणि मूत्रपिंडात साठत जातो. वास नाही, आग नाही, कसली जाणीवही नाही. शिवाय ज्या उशीवर डोके टेकायचे, ज्या टॉवेलला तोंड पुसायचे, त्यांवाटे तो घरातल्या तान्ह्या मुलापर्यंतही पोचू शकतो.

पाऱ्याने काय अनर्थ होतो हे जगाने जपानमधल्या मिनामाता या गावी पाहिले. तेथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला. १९५६ मध्ये त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ मध्ये भारतानेही त्याला संमती दिली. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत आलाच, तर तो दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. पण ज्या डबीवर करणाऱ्याचे नावच नाही, तिला कसला नियम आणि कसला करार!

यावर आपले वडीलधारे लगेच म्हणतात, “म्हणून सांगतो, ही थेरं करूच नका. अभ्यासाकडे लक्ष द्या, आरशाकडे नको.” गॅदरिंगच्या वेळी असे उपदेश आपण दरसाल ऐकतो. उपदेश करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण अत्यंत नम्रपणे सांगावेसे वाटते, की हा उपदेश चुकीच्या दिशेने जातो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आपण नीटनेटके, सुंदर दिसावे असे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. आमच्या आज्याही मोठ्ठे कुंकू लावीत, केसांना तेल चोपडून खोपा घालीत. नटण्याची हौस माणसाइतकीच जुनी आहे. आणि ज्या समाजात ‘पण’ म्हणून मुलीला नाकारले जाते, ज्या लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द शिक्षणाच्याही आधी येतात, त्या समाजाने मुलीलाच ‘आरशात पाहू नकोस’ म्हणून दटावणे हा कुठला न्याय? दटावल्याने मुलगी क्रीम लावायचे थांबवीत नाही. ती फक्त लपवायला लागते. माझी ट्यूब पेटीच्या तळाशी होती, बहिणीची डबी अंथरुणांमागे. जे लपवून लावले जाते, त्याविषयी कोणाला विचारता येत नाही. आणि विचारता येत नाही, म्हणूनच ते घातक ठरते.

दुसरा एक सल्ला मिळतो तो असा, की कायदा आहे, सरकार आहे, ते पाहून घेईल. सरकारने पाहिलेच पाहिजे, यात शंका नाही. परंतु सरकारची चाल आपण जाणतो. लहान मुलांच्या जॉन्सन्स बेबी पावडरचे नमुने आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये पुणे व नाशिक येथून घेतले. ते नमुने सामूच्या, म्हणजे आम्ल-अल्कतेच्या, कसोटीस उतरले नाहीत, म्हणून मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. कंपनी उच्च न्यायालयात गेली. नव्या नमुन्यांची तपासणी झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने प्रशासनाचा आदेश रद्द केला व झालेल्या विलंबाबद्दल प्रशासनाला बोलही लावला. त्या वादात कोण बरोबर हे ठरवणारी मी कोण? माझे म्हणणे एवढेच, की २०१८ मध्ये विकत घेतलेली पावडर २०२२ पर्यंत कोणी डब्यात ठेवीत नाही. कायद्याचा निकाल लागेपर्यंत आपली डबी संपलेली असते. तेव्हा दुकानाच्या फळीपाशी, त्या एका मिनिटात, आपले डोळे हाच आपला इन्स्पेक्टर.

मग त्या डोळ्यांनी पाहायचे काय? पहिली गोष्ट अगदी सोपी. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रसाधनावर करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, केल्याची तारीख, केव्हापर्यंत वापरावे ती तारीख, आणि घटकद्रव्यांची यादी असावी लागते. माल परदेशी असेल, तर तो आणणाऱ्याचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. यांपैकी काहीच नसेल, तर ती वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नये. सुटी, चिठ्ठी न लावलेल्या डबीत भरून दिलेली क्रीमे याच सदरात येतात, मग देणारी पार्लरवाली आपल्या कितीही ओळखीची असो. मोबाइलवरून मागवलेल्या वस्तूलाही हीच कसोटी लावावी. चित्रफितीत बोलणारी मुलगी आपल्या घरातल्यासारखी वाटते, पण डबीवरचा पत्ता काही तिचा नसतो.

दुसरी गोष्ट घटकांच्या यादीची. ती वाचताना दडपण येते हे खरे. पण सारी नावे कळायला नकोत. पाचसहा नावे ओळखली तरी पुष्कळ झाले. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे दिसली, की ते स्टेरॉइड. हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन हीदेखील डॉक्टरांनीच द्यायची औषधे. वेष्टनावर ‘आरएक्स’ ही खूण किंवा डाव्या कडेला तांबडी उभी रेघ असेल, तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे. मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल असे काही असेल, तर तो पारा. अर्थात पारा घालणारा तो यादीत लिहील अशी अपेक्षा वेडेपणाची. म्हणून तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची.

तिसरी गोष्ट म्हणजे वचन वाचावे. ‘आठ दिवसांत गोरे’ हे शब्द जिथे असतील, तिथेच धोक्याचा कंदील लटकतो आहे असे समजावे. उन्हाने रापलेली कातडी जपल्यावर हळूहळू मूळ रंगावर येते. परंतु मूळ रंगच आठवड्यात पालटून दाखवणारे जे काही आहे, ते कातडीशी काहीतरी बलजोरी केल्याशिवाय ते करू शकत नाही. माझ्या मते हीच सगळ्यांत खात्रीची कसोटी आहे, आणि तिला इंग्रजीही लागत नाही. ‘हर्बल’, ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध आयुर्वेदिक’ या शब्दांना भुलू नये. झाडपाल्याचे चित्र छापायला झाडपाला लागत नाही.

महागड्या, नावाजलेल्या वस्तू घेतल्या म्हणजे काम झाले, असेही नव्हे. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने २०१४ मध्ये बाजारातली ३२ गोरेपणाची क्रीमे तपासली, तेव्हा १४ क्रीमांत पारा सापडला. प्रमाण थोडे होते, पण होते. उलट, गरिबाला सुरक्षित प्रसाधने परवडत नाहीत हा समजही खोटा आहे. वयात आलेल्या मुलामुलींच्या कातडीला मुळात लागते किती? सौम्य साबण किंवा फेसवॉश, हिवाळ्यात साधे व्हॅसलीन किंवा खोबरेल, उन्हात जाताना डोक्याला ओढणी अथवा टोपी, आणि जमल्यास सनस्क्रीन. मुरुमे फार असतील, तर सरकारी दवाखान्याचा केसपेपर ट्यूबपेक्षा स्वस्त पडतो. मुरुमे फोडून त्यांवर टूथपेस्ट फासणे, चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात बसणे, हे घरगुती उपायही सोडून द्यायला हवेत. लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात भाजून तिच्यावर काळे डाग उठतात. घरचे ते सारे चांगले, असे नसते.

आणखी दोन नेहमीच्या गोष्टी. लग्नसराईत हातावर काढतात ती काळी मेंदी. खरी मेंदी तासन् तास ठेवावी लागते आणि तिचा रंग केशरी-तपकिरी येतो. अर्ध्या तासात काळाकुट्ट रंग येत असेल, तर तिच्यात केसांच्या कलपातले रसायन मिसळलेले असते. त्याने हातावर फोड येतात, आणि एकदा हे वावडे जडले, की ते जन्माचे सोबती होते. कलपाच्या पाकिटावर आधी थोडा लावून पाहण्याची आणि भुवयांना, पापण्यांना न लावण्याची सूचना असते. नियमाप्रमाणे ती स्थानिक भाषेतही छापावी लागते. ती किती जणांनी वाचली आहे? टिकलीचेही तसेच. काही टिकल्यांच्या डिंकातल्या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो आणि तो कोड समजून मुलीचे हाल होतात. खाज सुटली, की टिकली बदलावी किंवा काही दिवस काढून ठेवावी. सौभाग्य काही डिंकाने चिकटलेले नसते!

वर्गबंधूंनी हे पान उलटून पुढे जाऊ नये. वसतिगृहातल्या खोल्यांत स्टेरॉइडच्या ट्यूबा केवळ मुलींच्याच पेट्यांत असतात असे नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी मुले दुपारी तोंडाला काय लावतात, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. ‘मर्दांसाठी’ असे छापल्याने क्रीम बदलत नाही, फक्त डबीचा रंग काळा होतो. आणि ज्या दिवशी तुम्ही मुलगी पाहायला जाल, त्या दिवशी ओसरीवर चपला घालताना कोणी ‘पण’ म्हणू लागले, तर ते वाक्य तिथेच अडवण्याचे काम तुमचे. माझ्या चेहऱ्याचे नुकसान ट्यूबने केले. पण ट्यूब आणायला मला त्या ‘पण’ने धाडले होते.

आता प्रश्न उरतो, आपण करायचे काय? येथे मला अमेरिकेतल्या एका प्रयोगाची आठवण होते. कॅलिफोर्नियात सॅलिनास नावाचे शेतीचे खोरे आहे. आमच्या ऊसतोडणीवाल्यांसारखेच तिथे बाहेरून आलेले शेतमजूर राबतात. तेथील शंभर किशोरवयीन मुलींनी तीन दिवस आपली नेहमीची प्रसाधने बाजूला ठेवून, पॅराबेन, थॅलेट, ट्रायक्लोसन आणि ऑक्सिबेन्झोन ही द्रव्ये नसल्याचे लेबलावरून पडताळलेली प्रसाधने वापरली. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ही द्रव्ये ढवळाढवळ करीत असावीत, अशी शास्त्रज्ञांना शंका आहे. केवळ तीन दिवसांत मुलींच्या लघवीतले एका पॅराबेनचे प्रमाण ४४ टक्क्यांनी आणि ट्रायक्लोसनचे ३६ टक्क्यांनी उतरले. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मला यात आकड्यांपेक्षाही दुसरी गोष्ट मोठी वाटली. हा प्रयोग बर्कलेच्या विद्यापीठाने केला खरा, पण त्याची आखणी करण्यात आणि तो पार पाडण्यात त्याच भागातली तरुण मुलेमुली सहभागी होती. त्यांना कोणी ‘आरशाकडे पाहू नका’ म्हटले नाही. त्यांना लेबल वाचायला शिकवले, आणि त्यांनी मोठ्यांना शिकवले.

आपल्या महाविद्यालयातही हे होऊ शकते, आणि त्याला खर्चही नाही. विद्यार्थिनी कक्षात एक फळा ठेवावा. महिन्यातून एकदा, अर्धा तास, ज्याने त्याने आपली रिकामी डबी, ट्यूब, पाकीट आणावे आणि त्यावरचा मजकूर सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. जे कळणार नाही, ते फळ्यावर लिहावे, आणि जवळच्या विज्ञान महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांना सत्रातून एकदा बोलावून विचारून घ्यावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावोगाव रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो. त्याच शिबिरात एक दुपार आठवी ते दहावीच्या मुलामुलींबरोबर बसून डब्या वाचाव्यात. निनावी माल विकला जात असेल, तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला पत्र लिहावे. एका मुलीच्या पत्राला उत्तर येणार नाही कदाचित. चाळीस सह्यांच्या पत्राला द्यावे लागेल. आणि गुरुजनांना एकच प्रार्थना: ज्या मुलीने चेहरा झाकला असेल तिला वर्गात बोलू नका, तासानंतर विचारा. माझ्या बाबतीत एका बाईंनी तेवढेच केले होते.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. आमच्या पदवीने नोकरी मिळेल की नाही, यावर पुष्कळ चर्चा होते. पण वाचता येणे, म्हणजे लिहिलेल्याचा अर्थ लावणे आणि न लिहिलेलेही ओळखणे, ही जर आमची विद्या असेल, तर तिचा पहिला उपयोग आमच्या स्वतःच्या देहासाठी का होऊ नये?

बहिणीच्या डबीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. मी ती तिच्याकडून काढून घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे आजीसमोर बसून मी माझ्या ट्यूबची सगळी हकीकत सांगितली. आजीला ती तोवर ठाऊक नव्हती. ती बराच वेळ जाळ सारीत राहिली आणि मग म्हणाली, “मला वाचाया येत न्हाई, म्हून मला फशिवलं तर समजू. तुम्ही तर साळंत जाता गं.” बहीण काही बोलली नाही. संध्याकाळी तिने ती डबी आपणहून माझ्या पिशवीत टाकली आणि दीडशे रुपये गेल्याबद्दल थोडी रडलीही. डबी अजून माझ्याजवळ आहे. विद्यार्थिनी कक्षात तो फळा लागला, तर वाचायला पहिली डबी मी तीच आणणार आहे.